भट्टीलगतची ज्वारी

१२ जानेवारी १९७८, शहागड

पानं लाल! आत्याच्या वावरातल्या ज्वारीच्या प्रत्येक पानावर विटेच्या रंगाचा थर. बोट ओढलं की खालून हिरवी रेघ निघते. मी मूर्खासारखा दहा-बारा पानांवर रेघा ओढत बसलो. आत्या धुऱ्याच्या बांधावरून ओरडली, "काय करून राह्यला रं? सही करतो का पानावर?"

सरांनी एम.एस्सी.चा विषय दिला तेव्हा सोपा वाटला होता. धुराधुळीतल्या ज्वारीच्या दाण्यातली खनिजं — लोखंड, जस्त — कमी होतात का? यंदा दोनच जागा. एक आमचं धावड्याचं वावर, तिथे धूर म्हणजे चुलीचा तेवढा. दुसरं हे, आत्याचं, रामनिवास शेठच्या वीटभट्टीला लागून. दोन्हीकडे बी एकच, मालदांडी. आत्यानेच दादाकडून, माझ्या बापाकडून नेलेलं. म्हणजे फरक निघाला तर तो भट्टीचाच.

पण आता विषय माझा राहिला नाही. आत्याने तो ओढून घेतला.

जेवताना म्हणाली, "ही बेबीनंदा भिताडाची माती खाती. विटेचे तुकडे खाती. मारलं तरी खाती. अंबडच्या डाक्टरनं डोळ्याची पापणी खाली वढून बघितली, म्हनला रक्त कमी हाय, लोखंड कमी हाय. आता पोरीला लोखंड कुठून खाऊ घालू?" बेबी सहा वर्षांची. आत्याची नात. तिची आई बाळंतपणात गेली, बाप पुण्याकडे गेला तो तिकडचाच झाला. दोघी जणी आणि चार एकर, एवढंच घर.

मग खरी गोष्ट बाहेर आली. शेठला आत्याच्या वावराची माती पाहिजे. बदल्यात नदीच्या वरच्या अंगाला चार एकर देतो म्हणतो. तिकडे धूर जात नाही. संध्याकाळी शेठ स्वतः आले, बाजेवर बसले, चहा घेतला. आवाज चढवला नाही की काही नाही. "देखो मालनबाई, जबरदस्ती बिलकुल न्हाई. मला माती पायजे, तुमाला पीक पायजे. मिरगाच्या आत हां-ना सांगा. न्हाई म्हनलात तर मी दुसऱ्या कुणाला इचारतो."

शेठ गेल्यावर आत्या म्हणाली, "ह्या वावरातले दगड मी वेचले. माझं मालक जित्तं व्हतं तवा, दोघांनी मिळून. पलीकडचे कुणी वेचले मला काय म्हाईत! सोडू वाटत न्हाई. पर ज्वारीतच खोट असंल आन् त्यानं पोरीचं रक्त आटत असंल, तर उद्या सोडीन. तू शिकल्याला हाईस. तेवढं एक सांग मला. कमी हाय का न्हाई?"

सांगतो म्हणालो. छाती पुढे काढून म्हणालो. गाढवच आहे मी.

१३ जानेवारी, एस.टी.त

आत्याच्या ज्वारीची ताटं कंबरेएवढी. आमची धावड्याची डोक्यावर गेली आहेत. हे मी वहीत लिहिलं, आत्याला बोललो नाही.

२१ मार्च, धावडा

खळ्यावरून दोन शेर ज्वारी घेतली. दादा कुरकुरला. "दोन शेर जाळनार? खायाची ज्वारी जाळनार?" त्याला समजावलं की ज्वारी जाळून राख करतात, राखेत लोखंड मोजतात. त्याने मुठीतले दाणे परत राशीत टाकले. मग म्हणाला, "माणसाला जाळलं तरी राखच उरती. त्यात काय मोजतेत?" दादाशी वाद घालायचा तर पोट भरून बसावं लागतं.

पिशवीवर लिहिलं — धावडा, पुंजाराम, धूर नाही.

२४ मार्च, शहागड

उशीर झाला. कणसं उभ्या पिकातून स्वतः कापायची असं सरांनी बजावलं होतं. परीक्षा मध्ये आली. तोवर आत्याची मळणी उरकून कडबा रचून झालेला! आत्याच वैतागली — "मी काय तुझ्यासाठी कणसं राखन करीत बसू? पाखरानं खाल्ली अस्ती."

म्हटलं, आत्या, मग घरात असेल ती दे. दोन शेर.

ती आत गेली. बराच वेळ आत. परत आली ते सूप घेऊन. अंगणातच पाखडली, खडा वेचला, पदराने सूप पुसलं. मी म्हणालो, पाखडू नको, आहे तशीच पाहिजे. तर म्हणते, "कालेजातली मोठी माणसं बघनार. घान कशी देऊ?" भट्टीचा वारा अंगणात येतच होता, पाखडून झाल्यावर सुपावर पुन्हा लाल झाक.

दाणा बघून चक्रावलो. टपोरा, मोत्यासारखा. जानेवारीतली ती खुरटी ताटं, आणि हा दाणा! वहीत लिहिलं — 'ताट खुरटं, दाणा भरदार. का?' खाली दोन रेघा मारल्या. कदाचित कणसं कमी लागली आणि जी लागली ती चांगली पोसली असतील. घरात चार भाऊ असले तर प्रत्येकाला पाव भाकर, एकटा असला तर सगळी त्याचीच. तसं काहीतरी.

पिशवीवर — शहागड, मालनबाई, भट्टीलगत.

३ एप्रिल, परभणी

आमच्या लॅबमध्येही भट्टीच! हातभर उंचीची, विजेची. मूठभर ज्वारी आत, पांढरी राख बाहेर. हात भाजला. माझ्या खोलीतला रामकिसन म्हणतो, "शेठचा माल विटा, तुझा माल राख. धंद्यात शेठ पुढं हाय."

११ एप्रिल

उलटं आलं. साफ उलटं!!

राख आम्लात विरघळवायची, थेंब टाकायचे, नारिंगी रंग येतो. रंग जितका गडद तितकं लोखंड. धावड्याच्या नळीचा रंग फिकट चहासारखा. शहागडची नळी संत्र्यासारखी! किलोमागे धावडा बेचाळीस मिलिग्रॅम. शहागड एकाहत्तर.

तीनदा केलं. सत्तर, बाहत्तर, एकाहत्तर.

धुराने लोखंड वाढतं? मग बेबीचं रक्त कमी का? मग सगळ्या जिल्ह्याला भट्टीशेजारी नेऊन बसवावं का? डोकं गरगरतं आहे. पण एकीकडे आनंदही वाटतो. आत्याची ज्वारी खोटी नाही. तिला वावर सोडावं लागणार नाही. आत्याला पोस्टकार्ड टाकलं — 'तुझ्या ज्वारीत लोखंड जास्त निघालं आहे. अजून तपास चालू आहे.' दुसरं वाक्य कोण वाचणार, देव जाणे.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत पाय दुखेपर्यंत नाचलो. निळ्या गुलालाने सदरा गेला. रामकिसनने सगळ्या पोरांना सांगितलं की याच्या आत्याच्या ज्वारीत लोखंड सापडलं, आता शेतात खाण काढणार. लोक हसले, मीही हसलो. पण मधेच आठवलं की हे सगळं मला समजलेलं नाही.

१९ एप्रिल

आज सरांसमोर जमिनीत जाऊन गडप व्हावंसं वाटलं.

आकडे दाखवले. सरांनी चष्मा काढला. "धुतली होती का?"

काय सर?

"ज्वारी. जाळण्याआधी धुतली होती का?"

नाही!

"देवानंद, वीट लाल कशाने असते?"

लोखंडाने. वीट लोखंडाने लाल असते. सातवीतला पोरगा सांगेल. मी दाण्यातलं लोखंड मोजलंच नाही, दाण्यावर बसलेली भट्टीची धूळ मोजली! आणि आत्याला कार्ड टाकून बसलो. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. म्हणाले, "धू. आधी साध्या पाण्याने, मग पातळ आम्लाने, मग तीनदा डिस्टिल्ड वॉटरने. मग जाळ."

मग बेबी विटा का खाते तेही थोडंसं कळल्यासारखं वाटलं. तिच्या अंगाला जे कमी आहे ते ती भिंतीत शोधते. पण विटेतलं लोखंड रक्तात उतरत नाही म्हणतात सर. म्हणजे पोरगी बरोबर जागी शोधते आणि तिला मिळत काही नाही.

२७ एप्रिल

धुतली. शहागडच्या ज्वारीच्या पहिल्या पाण्याला गढूळ लाल रंग. दुसऱ्याला फिकट. चौथं पाणी स्वच्छ. दोन्ही पिशव्यांची सारखीच धुतली. वाळवली, जाळली, रंग काढला.

धावडा — एक्केचाळीस.
शहागड — एक्केचाळीस.

चष्मा नाही मला, तरी डोळे चोळले. जस्तही काढलं. धावडा एकोणीस, शहागड एकोणीस.

हे काय आहे? जास्त नाही, कमी नाही. दोन नळ्या शेजारी धरल्या खिडकीपाशी. जुळ्या बहिणी. रामकिसनला ओळख म्हणालो, कुठली कुठली. त्याने उलट सांगितलं.

मला आनंद व्हायला पाहिजे. होत नाही. ती लाल पानं मी पाहिली आहेत. पानावर थर बसला की ऊन आत जात नाही, झाड उपाशी राहतं. उपाशी झाडाचा दाणा पोटभर खाल्लेल्या झाडाच्या दाण्यासारखा? अगदी शेवटच्या मिलिग्रॅमपर्यंत?

२ मे

सर खूश आहेत! म्हणाले, "फरक नाही हेही उत्तरच असतं. लोक असली उत्तरं लपवतात, तू लपवू नकोस." मी म्हटलं, सर, ताटं कंबरेएवढी होती. सर म्हणाले, बरोबर, म्हणजे पीक कमी आलं, पण झाडाने स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन दाणा मात्र पोसला. आई उपाशी राहून लेकराला पाजते तसं. फळ्यावर खडूने बाण काढून दाखवलं. सगळं पटलं. खोलीबाहेर आलो आणि काहीच पटेना.

आकडे इतके सारखे कसे? धावड्याच्याच पिशवीतले दोन घास वेगवेगळे जाळले तरी एकाने इकडेतिकडे होतं. सरांना परत विचारायला गेलो. ते म्हणाले, "आकडे जुळले नाहीत म्हणून रडणारे विद्यार्थी पाहिले. जुळले म्हणून रडणारा तू पहिला." खजील होऊन परतलो.

६ मे

आत्याचं कार्ड. शेजारच्या कारभारीच्या सुनेकडून लिहून घेतलेलं, पण शब्द आत्याचेच. आवाजही तिचाच येत होता कार्डातून —

'देवानंदला आशीर्वाद. लोखंड जास्त हाय वाचलं. मंग पोरगी अजून भिंत का खाती? शेठ दोनदा येऊन गेले. वरचं वावर बघून आल्ते मी. चांगलं हाय, काळं हाय. पर आपलं न्हाई. मला तुझं ते जास्त-बिस्त नको. एकच लिव्ह. कमी हाय का न्हाई.'

७ मे

तीन कार्डं फाडली.

पहिल्यात धूळ, धुणं, मिलिग्रॅम सगळं लिहिलं. सुनेला ते आत्याला समजावता आलं नसतं. दुसऱ्यात लिहिलं की अजून एक वर्ष थांब. मिरग थांबतो होय? तिसऱ्यात लिहिलं, मला कळत नाही. हेच खरं होतं. पण पाच वर्षं हॉस्टेलात राहून, बापाच्या घामावर शिकून, आत्याला 'मला कळत नाही' असं कसं लिहू? तिने अख्ख्या गावाला सांगितलं असेल, माझा भाचा मोठा शास्त्रज्ञ आहे.

रामकिसन म्हणाला, "तू तुझ्या मनातलं लिहू नको. नळीत जे दिसलं ते लिव्ह. सर काय म्हनले ते लिव्ह."

चौथ्यावर लिहिलं — 'आत्या, दोन्ही ज्वाऱ्या सारख्या आहेत. तुझ्या ज्वारीत काही कमी नाही. बेबीला डॉक्टरच्या गोळ्या दे. पालक, गूळ दे. देवानंद.'

पेटीत टाकलं. टाकल्यावर पेटीच्या फटीत बोट घालून बघितलं, कार्ड हाताला लागतं का. पोस्टमन बघत होता.

२० मे

आत्याने शेठला नकार दिला.

दादाचं पत्र आलं त्यात कळलं. दादाच्या शब्दांत — 'मालनने तुझं कार्ड शेठच्या हातात ठेवलं. म्हणाली, वाचा, कालेजात तपासलंय. शेठनं वाचलं आन् हात जोडले. म्हणले, मंग माझं काय म्हणणं न्हाई.' शेठने मग कारभारीला विचारलं. कारभारीने दुसऱ्याच दिवशी हो म्हटलं. त्याचं वावर आत्याच्या धुऱ्याला लागून, पूर्वेकडून. वरचे चार एकर आता त्याचे. आणि त्याच्या जागी शेठ दुसरी भट्टी लावणार. म्हणजे आत्याला दोन बाजूंनी भट्टी.

दादा लिहितो, मालन लई खुश आहे. जयभीम.

मी पत्र तीनदा वाचलं. चूक काही केली नाही. मोजलं ते सांगितलं. सरांनीही तेच सांगितलं. मग पत्र खाली का ठेववत नाही?

२९ मे

प्रबंधाचं प्रकरण चौथं लिहायला घेतलं. 'धुळीचा थर धुऊन काढल्यास दाण्यातील खनिजांत फरक आढळत नाही.' एवढं एकच वाक्य आठ वेळा लिहिलं. सर म्हणाले, छापण्याआधी एकदा आणखी कर. ताजा नमुना घेऊन ये. तेवढ्या निमित्ताने आत्याला भेटून येतो.

४ जून, शहागड

ऊन अजून मी म्हणतंय. एस.टी.तून उतरलो तर हमरस्त्यावर ट्रकांची रांग, भट्टीच्या विटा भरून चाललेली. कारभारीच्या वावरात खणती सुरू झाली आहे. काळी माती गाड्यात पडते, गाडा हलतो, दुसरा येतो. कारभारी बैलगाडी घेऊन वरच्या वावराला खत नेत होता. म्हणाला, "तुझ्या आत्यापायी माझं भलं झालं बघ! तिनं न्हाई म्हनलं म्हनून मला भेटलं." आणि हसला. भोळा माणूस, त्यात टोमणा नव्हता.

रामनिवास शेठ रस्त्यात भेटले. मान खाली घालून जाणार होतो, त्यांनीच थांबवलं. "पढाई बराबर चालली ना? तुमचं कार्ड मी जपून ठेवलंय हां. कधी कुणी सरकारी माणूस आला, धुराचं बोलला, तर दाखवीन." मी हसलो. काय करणार?

आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आल्याबरोबर चहा. बेबी दारात बसलेली. जानेवारीपेक्षा पांढरी पडली आहे, की मलाच तसं वाटतं? ओठांना लाल पूड. आत्या म्हणाली, "गोळ्या देते. पर गोळीनं हिचं पोट दुखतं, थुकून टाकती. जाऊ दे. ज्वारी चांगली हाय ना आपली, हळूहळू भरंल अंग." माझ्याकडे बघून म्हणाली. इतक्या भरवशाने माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा दादानेही नाही.

उद्या सकाळी नमुना घेतो आणि दुपारच्या गाडीने निघतो. आत्याला म्हटलं, पावसाळ्यात पानं धुऊन निघतील तरी. ती म्हणाली, "शाळू ज्वारी पावसाळ्यात पेरतेत का रं? शेतीचं कालेज शिकतो ना तू!" दोघंही हसलो. पहिल्यांदाच बरं वाटलं.

५ जून, शहागड

पिशवी पुढे केली. म्हटलं, आत्या, मागच्यासारखीच दे, तसलाच टपोरा दाणा.

"तसली कुठून आनू आता? ती संपली," आत्या म्हणाली. "तुझा बाप दरसाल खळं झालं की बहिनीला पोतं धाडतो, तू यायच्या आदल्याच दिशी आल्तं, त्यातली व्हती ती. ह्या वावराची बारीक हाय, काळपट हाय. ती कुनी कालेजात धाडतं का? तुझी मान खाली गेली अस्ती."

म्हणजे मी दादाच्या ज्वारीशी दादाचीच ज्वारी ताडून पाहिली. अडीच महिने. आणि आत्याला लिहिलं, काही कमी नाही.

बेबीनंदा चुलीपुढे बसून भाकर खाते आहे. ती भाकर मात्र याच वावराच्या ज्वारीची.